तुम्ही विचारलेत म्हणून: जुन्या लिनक्स संगणकाला कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे?

"संगणक जुना आहे, त्यावर लिनक्स आहे, कोणते कार्ड घेऊ ते नुसते नाव सांगा." हा प्रश्न मला वर्षानुवर्षे जवळजवळ याच शब्दांत विचारला जातो. नुसते नाव सांगायला मी तयार होत नाही, म्हणून मी आढेवेढे घेतो आणि एएमडी या कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा पक्ष घेतो, असेही मला ऐकवले जाते. पहिला आरोप मला मान्य नाही. दुसऱ्यात काही तथ्य आहे, पण ते पक्षपातातून आलेले नाही, आणि ते कोठून आले हे एकदा नीट सांगितल्याशिवाय माझे उत्तर कोणाला पटणार नाही असे मला वाटते.

कार्ड मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये, म्हणजे खाचेत, बसेल का, ही बहुतेकांची पहिली चिंता असते आणि तीच सर्वांत सोपी आहे. पीसीआय एक्स्प्रेसचा (कार्डे बसवण्याच्या आजच्या प्रमाणित पद्धतीचा) स्लॉट मागच्या पिढीचा असला तरी नवे कार्ड त्यात चालते, फक्त वेग जुन्या स्लॉटचा मिळतो. मात्र कार्ड किती लेन, म्हणजे माहितीच्या समांतर वाटा, वापरते ते आधी पाहावे. एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६४०० हे कार्ड चारच लेन वापरते. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ते खपून जाते, पण तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्याला निम्मी आणि दुसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर चौथाई बँडविड्थ (माहिती वाहून नेण्याची क्षमता) उरते. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून जास्त हवी असेल तर पॉवर सप्लायमधून वेगळी केबल यावी लागते, आणि कार्यालयांतून निघालेल्या छोट्या संगणकांत ती सहसा नसते. मॉनिटरला फक्त व्हीजीए ही जुनी ॲनालॉग जोडणी असेल तर नव्या कार्डांमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे साध्या जोडणीने काम भागत नाही. इंटेलची आर्क कार्डे रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या मदरबोर्डवर आपला बराचसा वेग गमावतात, आणि जुन्या मदरबोर्डवर ती सोय बहुधा नसते. हे सगळे कार्ड घेण्याआधी कागदावर तपासता येते, म्हणून त्याची मला काळजी वाटत नाही.

मला काळजी वाटते ती ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची. कार्ड आज चालते का, एवढे पाहून पुरत नाही; कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलत राहणार आहे, आणि त्या बदलांबरोबर या कार्डाचा ड्रायव्हर कोण जुळवत राहणार आहे, हे पाहावे लागते. लिनक्सचा कर्नल आपल्या आतल्या रचनेबद्दल बाहेरून जोडल्या जाणाऱ्या मॉड्यूलना, म्हणजे भागांना, कोणतीही हमी देत नाही. ड्रायव्हर कर्नलच्या आत असेल तर रचना बदलणारा माणूसच त्यालाही दुरुस्त करतो. बाहेर असेल तर ते काम निर्मात्याने करायचे असते, आणि निर्मात्याने हात काढून घेतला की ते कोणाचेच राहत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा संगणक मीच जुळवून दिला होता. ती चित्रफितींचे संपादन करते. त्यात एनव्हिडिया या दुसऱ्या मोठ्या निर्मात्याचे चांगले कार्ड होते आणि त्यावर निर्मात्याचा बंद ड्रायव्हर (ज्याचा कोड निर्माता उघड करत नाही असा) होता, कारण तेव्हा वेग त्यातूनच मिळत असे. काही वर्षे कोणतीही तक्रार आली नाही. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. सकाळी काम सुपूर्द करायचे होते, आणि नेहमीचे अपडेट होऊन संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत होता. कर्नल नवा आला होता. त्या कार्डाच्या पिढीचा आधार निर्मात्याने आधीच थांबवला होता, त्यामुळे ड्रायव्हरचे मॉड्यूल नव्या कर्नलसाठी तयारच झाले नाही. कर्नलमधला खुला ड्रायव्हर निदान चित्र तरी दाखवू शकला असता, पण निर्मात्याचा ड्रायव्हर बसवताना तो खुला ड्रायव्हर रीतीप्रमाणे निष्क्रिय करून ठेवलेला होता, म्हणून तोही उठला नाही.

फोनवर मी तिला एकेक पायरी सांगत होतो. सुरुवातीच्या मेन्यूत जा, खाली या, जुना कर्नल निवड. मध्येच तिने विचारले, "कार्ड बिघडलंय का रे?"

"नाही, ताई."

"मी काही बदललं का?"

"नाही."

"मग?"

त्या "मग?"ला माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणजे तांत्रिक उत्तर होते, आणि ते मी दिलेही. पण यंत्र शाबूत, वापरणारीने काही केले नाही, आणि तरीही काम अडले, हे तिला न्याय्य वाटावे असे त्या उत्तरात काही नव्हते. जुन्या कर्नलवर संगणक उठला, रात्रभर बसून तिने काम पूर्ण केले. नंतर समोर उरलेले मार्ग असे होते: सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडून जुन्याच कर्नलवर राहायचे, स्वयंसेवकांनी केलेले पॅच, म्हणजे छोटे दुरुस्तीचे बदल, प्रत्येक कर्नलबरोबर शोधून लावत बसायचे, खुल्या ड्रायव्हरचा मंद वेग स्वीकारायचा किंवा धडधाकट कार्ड काढून टाकायचे. आम्ही शेवटचा मार्ग घेतला. काढलेले कार्ड हातात घेतले तेव्हा त्यात काहीही दोष नाही हे मला माहीत होते, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग आला.

तेव्हापासून मी ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का, हे सर्वांत आधी विचारतो. एएमडीचे नाव माझ्या तोंडी येते ते एवढ्यासाठीच. एएमडीजीपीयू हा खुला ड्रायव्हर २०१५ मध्ये ४.२ या कर्नलमध्ये आला, आणि पोलारिस पिढीची आरएक्स ५५० सारखी कार्डे वेगळ्या केबलशिवाय त्यावर चालतात. फर्मवेअरचे (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचे) पॅकेज तेवढे असावे लागते. पण याच कंपनीने २०१२ मध्ये रेडिऑन एचडी २००० ते ४००० या मालिकांना आपल्या तेव्हाच्या बंद ड्रायव्हरच्या मुख्य शाखेतून बाहेर काढले होते. एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हरची, जुन्या कार्डांसाठीची ३९० शाखा (आवृत्तीमालिका) २०२२ च्या अखेरीस आणि ४७० शाखा २०२४ मध्ये थांबली. आधार संपतो तो सगळ्यांचाच. फरक एवढाच की खुला ड्रायव्हर निर्माता निघून गेल्यावरही दुसऱ्या कोणाला सांभाळता येतो.

बहिणीचा संगणक जुळवणारा पूर्वीचा मी यावर गप्प बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. तो म्हणेल की त्या काळी एएमडीचा बंद ड्रायव्हर लिनक्सवर रडतखडत चालत असे आणि एनव्हिडियाचा सुरळीत चालत असे. मग दहा वर्षांनी काय होईल या भीतीने माणसाने आजचे काम मंद करून घ्यावे का? त्याचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. बहिणीने त्या कार्डावर जी वर्षे काम केले, ती वर्षे वाया गेली नव्हती.

शिवाय त्याच्या बाजूने अलीकडे आणखी एक पुरावा आला. बहिणीने ब्लेंडर हा त्रिमितीय चित्रांचा प्रोग्राम शिकायला घेतला. ब्लेंडरने ३.० या आवृत्तीपासून सायकल्स या आपल्या रेंडरिंगच्या (अंतिम चित्र तयार करणाऱ्या) भागातून ओपनसीएल हा कार्डाकडून गणिते करून घेण्याचा मार्ग वगळला, आणि एएमडीच्या कार्डांसाठी त्याच्या जागी आलेला एचआयपी हा मार्ग पोलारिस कार्डांना चालत नाही. म्हणजे सायकल्सचे रेंडरिंग, जुन्या कार्डाच्या जागी मी सुचवलेल्या तिच्या आरएक्स ५५० वर होतच नाही, सगळे प्रोसेसरवर पडते. त्याच सुमाराचे एनव्हिडियाचे जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय असते तर कुडा या एनव्हिडियाच्या मार्गाने ते काम झाले असते. "तू सांगितलंस म्हणून हे घेतलं होतं," असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे खरे आहे. कर्नलमध्ये ड्रायव्हर असणे आणि हव्या त्या प्रोग्रामने त्या कार्डाला ओळखणे या दोन निरनिराळ्या हमी आहेत. पहिली मी देऊ शकतो, दुसरी नाही.

तरीही नाव हवेच असेल, आणि तुमचे काम वाचन, लेखन, चित्रफिती पाहणे, दोन मॉनिटर आणि थोडे खेळ एवढेच असेल, तर मी पोलारिसच सांगेन. आधी टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) lspci -k ही आज्ञा देऊन सध्याचे कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर कोणता आहे ते पाहा. पुष्कळदा मदरबोर्डवरचे इंटेल ग्राफिक्स पुरेसे असते आणि नव्या कार्डाची गरजच नसते. ज्यांच्याकडे जीटीएक्स १०५० टीआय आधीच आहे त्यांनी ते काढून टाकू नये. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ५८० ही शाखा त्या पिढीसाठी शेवटची आहे, म्हणून दीर्घ आधाराचा कर्नल असलेले लिनक्सचे वितरण (डिस्ट्रो) वापरावे आणि अपडेटनंतर निदान एक जुना कर्नल मेन्यूत राहू द्यावा. तेच कार्ड आज नव्याने घ्यावे का, असे विचारलेत तर तुम्ही ब्लेंडर वापरता का हे मी आधी विचारेन, आणि तुमचे उत्तर "हो" असेल तर मला पुन्हा विचार करावा लागेल.