नागपुरात बक्षीसपत्राची नोंदणी : बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी

वडिलांच्या नावावरचे नागपुरातील घर त्यांच्या हयातीतच माझ्या नावे व्हावे, असे आमच्या घरी ठरले आणि त्यासाठी बक्षीसपत्र, म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता देण्याचा दस्त, करायला मी पुण्याहून नागपूरला गेले. प्रवासाबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेस सोयीची आहे, आणि सिव्हिल लाइन्समधील कार्यालये रेल्वे स्थानकापासून ऑटोने जवळ पडतात. वयस्कर माणूस सोबत असेल, तर एप्रिल-मे टाळावा. टाळणे शक्यच नसेल, तर सकाळची पहिली वेळ घ्यावी. पुढचा सारा वृत्तांत कागदपत्रांचा आहे, कारण दुय्यम निबंधकासमोरचे काम तासा-दीड तासात उरकते आणि खरे काम त्याआधी, दस्ताचा मसुदा व शासकीय नोंदी एकमेकांशी जुळवण्यात असते.

नागपुरात ज्याला आखीव पत्रिका म्हणतात, तिलाच पुण्याकडे प्रॉपर्टी कार्ड किंवा मिळकत पत्रिका म्हणतात. ती महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीसह काढता येते आणि तिकीट काढण्यापूर्वीच काढून घ्यावी. आमच्याकडे वडिलांचे जुने विक्रीपत्र होते. त्यात मौजा (महसुली गाव), खसरा क्रमांक (जमिनीचा भूमापन क्रमांक) आणि ले-आऊटमधील भूखंड क्रमांक होता. आखीव पत्रिकेवर नगर भूमापन क्रमांक आणि शीट क्रमांक होता, तर महापालिकेच्या कर-पावतीवर केवळ घर क्रमांक. तिन्ही कागद एकाच घराचे असले, तरी परक्या माणसाला ते पटावे असे एकाही कागदावर काही नव्हते. म्हणून दस्ताच्या परिशिष्टात हे सर्व क्रमांक एकत्र लिहून त्यांच्या खाली चतुःसीमा दिली. त्यातही एक बारकावा होता : विक्रीपत्रातील क्षेत्र चौरस फुटांत होते आणि आखीव पत्रिकेतील चौरस मीटरमध्ये. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट, या हिशेबाने आकडे ताडून पाहावेत, आणि फरक आढळला तर दस्तात आखीव पत्रिकेचे क्षेत्र लिहावे.

याच आखीव पत्रिकेवरचा सत्ताप्रकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते सांगणारा, रकाना न वाचता पुढे जाऊ नये. नागपुरात नझूलच्या (शहरातील सरकारी), तसेच नागपूर सुधार प्रन्यासाने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनी पुष्कळ आहेत. घर तशा भूखंडावर असेल, तर हस्तांतरणासाठी संबंधित कार्यालयाची परवानगी किंवा ना-हरकत आधी लागते, आणि ती मिळवणे हा स्वतंत्र खटाटोप आहे. जुन्या अनधिकृत ले-आऊटमधील भूखंडांच्या बाबतीत प्रन्यासाचे नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे ज्याला नागपूरकर नुसते ‘आरएल’ म्हणतात ते, सोबत ठेवावे. आमचा भूखंड पूर्ण मालकीचा असल्यामुळे या वाटेला आम्हाला जावे लागले नाही.

मसुदा अर्जनवीसाकडून करून घ्यावा की वकिलाकडून, असे अनेकजण विचारतात. साध्या विक्रीपत्रासाठी अनुभवी अर्जनवीस पुरेसा असतो, असे माझे मत आहे. बक्षीसपत्रासाठी मात्र वकिलाची फी वाचवू नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे स्थावराचे बक्षीसपत्र नोंदणीकृत असावे लागते आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. शिवाय देणाऱ्याच्या हयातीतच घेणाऱ्याने ते स्वीकारलेले असावे लागते. म्हणून स्वीकृतीचे वाक्य दस्तातच असावे आणि घेणाऱ्यानेही सही करावी. त्याहून महत्त्वाचा मुद्दा देणाऱ्याच्या संरक्षणाचा आहे. तयार नमुन्यात तो बहुधा नसतो. बाबांना हयातीपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क राहील आणि त्यांची देखभाल मी करीन, ही अट आम्ही स्पष्ट शब्दांत घातली. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाबाबतच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ अशा अटीवर दिलेले बक्षीस, अट मोडल्यास, रद्द ठरवण्याची मुभा न्यायाधिकरणाला देते. पण त्यासाठी ती अट दस्तात लिहिलेली असणे केव्हाही हिताचे. मुलांनी ही ओळ लिहायला संकोचू नये, आणि आईवडिलांनी तर ती मागूनच घ्यावी.

घरच्या माणसाला बक्षीस दिले की मुद्रांक शुल्क २०० रुपयांतच भागते, असा गैरसमज सर्रास दिसतो. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास राज्याचे मूळ शुल्क अवघे २०० रुपये आहे, हे खरे. मात्र भाऊ-बहिणीला ही सवलत नाही, आणि महापालिका हद्दीत बक्षीसपत्रावर बाजारमूल्याच्या प्रमाणात अधिभार लागतो, तो वेगळा. बाजारमूल्य वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून, काढतात; जुन्या बांधकामाला वयोमानाप्रमाणे घसारा मिळतो, तेव्हा बांधकामाचे वर्ष सांगणारी जुनी कर-पावती जपून ठेवावी. एकूण रकमेची खात्री निबंधक कार्यालयात करूनच ‘ग्रास’वरून, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन भरणा संकेतस्थळावरून, चलन भरावे.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती आधीच भरता येते आणि तिथे मिळणारा क्रमांक कार्यालयात दाखवायचा असतो. ही माहिती भरणाऱ्याच्या शेजारी बसून प्रत्येक नाव मराठीत कसे उमटते ते पाहावे, कारण हीच अक्षरे पुढे सूची क्रमांक दोनवर, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर (इंडेक्स टू), छापली जातात आणि नंतर दुरुस्तीसाठी चूकदुरुस्तीपत्राचा वेगळा दस्त करावा लागतो. वेळही संकेतस्थळावरूनच आरक्षित करावी. दस्त हाताळणी शुल्क पानांच्या संख्येप्रमाणे असते.

कार्यालयात क्रम ठरलेला असतो : सादरीकरण, शुल्काची पडताळणी, संगणकावर छायाचित्र व अंगठ्याचा ठसा, दस्त आपणच लिहून दिला याची कबुली, ओळख पटवणाऱ्यांच्या सह्या, आणि शेवटी स्कॅनिंग. वयामुळे बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्या, तर ठसा एका झटक्यात उठत नाही. हात धुऊन पुसून पुन्हा प्रयत्न करू द्यावा, घाई करू नये. चालता-फिरता न येणाऱ्या व्यक्तीसाठी नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३१ नुसार गृहभेटीची सोय आहे. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रासह आधी अर्ज करावा. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला सादर करता येतो. त्यामुळे सही एका खेपेला आणि नोंदणी दुसऱ्या खेपेला, असे करायचे असल्यास कायद्याची अडचण नाही.

मूळ दस्त आणि सूची क्रमांक दोन हाती पडले, की बाहेरगावचा माणूस परतीचे तिकीट पाहू लागतो. तसे करू नये. नोंदणीने मालकी हस्तांतरित होते, पण आखीव पत्रिकेवर जुनेच नाव राहते. फेरफारासाठी नगर भूमापन कार्यालयात अर्ज, दस्ताची प्रत आणि सूची देऊन पोच घ्यावी. हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीची मुदत संपल्यावरच नोंद प्रमाणित होते, म्हणून नोटिशीसाठी नागपुरातला पत्ता व तिथला कुणी विश्वासू माणूस नेमून ठेवावा. मालमत्ता कराच्या नामांतराचा अर्ज महापालिकेच्या ज्या झोनमध्ये घर आहे तिथे द्यावा लागतो. शहरात असे दहा झोन आहेत, आणि झोनचे नाव कर-पावतीवरच छापलेले असते. वीजजोडणीचे नाव महावितरणकडे ऑनलाइन बदलता येते, ते पुण्याला परतल्यावर केले तरी चालते.