मधला स्पीकर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर धुळ्यातील आमच्या साउंडच्या दुकानात गर्दी असते, आणि त्या गर्दीत शिंदखेडा तालुक्यातील एक तरुण शेतकरी आपल्या वडिलांना घेऊन आला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. मुलाने मोबाईलवर एका खोक्याचा फोटो दाखवला; त्यावर ठळक अक्षरांत हजार वॅट असे छापलेले होते आणि त्याला तसाच रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारे यंत्र, हवा होता. घरातले सगळे मिळून पन्नास हजारांपर्यंत खर्च करण्याची त्यांची तयारी होती.

पहिल्यांदाच रिसीव्हर घेणारा जवळजवळ प्रत्येक ग्राहक वॅटपासूनच सुरुवात करतो, म्हणून मी त्याला शेल्फवरच्या एका यंत्राचे माहितीपत्रक वाचायला दिले. त्यात एकाच यंत्राची ताकद दोन प्रकारे लिहिलेली होती. ८ ओहमचा (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युतरोध) स्पीकर, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ हा ऐकू येणाऱ्या स्वरांचा पूर्ण पट्टा, दोन चॅनेल (एका स्पीकरसाठी एक चॅनेल) एकाच वेळी चालू आणि आवाजात ०.०८ टक्के विकृती, अशा कसोटीवर तो रिसीव्हर प्रत्येक चॅनेलला ७० वॅट देत होता. ६ ओहम, केवळ १ किलोहर्ट्‌झचा एक स्वर, एकच चॅनेल चालू आणि तब्बल १० टक्के विकृती, असे धरले की तेच यंत्र १३० वॅटचे ठरत होते. त्या १३० ला पाच चॅनेलांच्या पाचाने गुणले की खोक्यावर ६५० वॅट छापता येतात. अटी न सांगता लिहिलेल्या वॅटच्या आकड्याला माझ्या मते काहीच किंमत नाही, आणि हे मी प्रत्येक नव्या ग्राहकाला आवर्जून सांगतो. शिवाय ताकद दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तो कानाला दुप्पट वाटायचा असेल, तर ताकद सुमारे दहापट लागते.

हे ऐकून घेतल्यावर मी त्याला विचारले, की घरी आवाज कमी पडतो का? त्याचे उत्तर अहिराणीत आले, “आवाज भरपूर शे, भाऊ. पन आप्पाले बोलनं समजस नही.”

या एका वाक्याने सगळी निवडच बदलली. त्यांच्या घरी भिंतीवर लावलेला टीव्ही होता आणि अशा पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. जोडीला जुना, एकाच खोक्यात मिळालेला होम थिएटर संच होता आणि त्याचेच स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडायचे, असे मुलाच्या मनात होते. नमुन्यासाठी एक स्पीकर तो पिशवीत घेऊनच आला होता. मी तो उलटा करून पाठीमागची चिठ्ठी त्याला दाखवली. तिच्यावर ३ ओहम लिहिलेले होते. मग रिसीव्हरच्या पाठीवर, स्पीकरच्या जोडण्यांजवळ छापलेली ओळ दाखवली : ६ ते १६ ओहम. ओहम निम्मे झाले की त्याच व्होल्टेजला यंत्रातून दुप्पट करंट ओढला जातो, यंत्र तापते आणि संरक्षणासाठी स्वतःच बंद पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा तर असा प्रयोग मुळीच करू नये. जुन्या संचाचा सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, हाही निरुपयोगी होता, कारण रिसीव्हर सबवूफरला फक्त सिग्नल देतो. त्याला चालवणारा ॲम्प्लिफायर सबवूफरच्या पेटीतच असावा लागतो.

गुरुजी इतका वेळ शांत बसून होते. त्यांना मी टीव्हीपासून दहाएक फुटांवरच्या खुर्चीत बसवले आणि बातम्यांची वाहिनी लावली. सुरुवातीला रिसीव्हर स्टिरिओवर ठेवला, म्हणजे केवळ डावा आणि उजवा स्पीकर चालू. आवाज मोठा होता, तरी गुरुजींनी मान हलवली आणि माझ्याकडे कागद व पेन मागितले. निवेदिका हवामानाचा अंदाज सांगत होती आणि ते श्रुतलेखन घ्यावे तसे लिहीत होते. कागद मी पाहिला, तर वळणदार अक्षरांच्या ओळींत जागोजागी मोकळ्या जागा सोडलेल्या होत्या. जो शब्द समजला नाही, तिथे त्यांनी अंदाजाने काही भरले नव्हते.

मग मी मधला स्पीकर, ज्याला सेंटर म्हणतात, चालू केला आणि रिसीव्हरमधील डॉल्बी सराउंड ही पद्धत निवडली. डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये सारखाच असलेला आवाज, म्हणजे मुख्यतः निवेदन, ती पद्धत वेगळा काढून मधल्या स्पीकरकडे पाठवते. एकच शब्द दोन ठिकाणांहून किंचित पुढेमागे कानावर पडला की व्यंजनांची धार बोथट होते. तो एकाच जागेवरून आला की स्पष्ट लागतो. सेंटरची पातळी मी आणखी ३ डेसिबलने वाढवली, पण एकूण आवाज आधीपेक्षा कमीच ठेवला. गुरुजींनी कापसाच्या भावाची बातमी लिहून घेतली आणि कागद मुलापुढे धरला. त्यात एकही मोकळी जागा नव्हती. मुलगा तो कागद बराच वेळ वाचत राहिला, आणि हजार वॅटची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

कानांची तपासणी करून घ्या, हेही मी गुरुजींना आदराने सांगितले, कारण ते काम कोणताही रिसीव्हर करू शकत नाही.

पुढची निवड सोपी होती. दुकानात सात चॅनेलचा, ॲटमॉस (वरूनही आवाज येण्याची पद्धत) आणि ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे आणणाऱ्या आर्क या सोयीची पुढची आवृत्ती) असलेला रिसीव्हर होता, पण छताच्या उंचीवरचे स्पीकर ते लावणार नव्हते आणि त्यांच्या टीव्हीला साधा आर्कच होता. सेट-टॉप बॉक्स आणि ओटीटीवरून येणारे डॉल्बी डिजिटल व डॉल्बी डिजिटल प्लस हे ध्वनीचे प्रकार आर्कमधून व्यवस्थित जातात. ई-आर्कची खरी गरज ब्लू-रे डिस्कचा, काहीही न गमावता साठवलेला मूळ ध्वनी टीव्हीमार्गे पाठवताना लागते. म्हणून पाच चॅनेलचा, मायक्रोफोनने खोलीचे मोजमाप करणारा साधा रिसीव्हर घेतला आणि वाचलेले पैसे चांगल्या सेंटरमध्ये व समोरच्या जोडीत घातले. मागचे स्पीकर आणि सबवूफर कापूस विकल्यावर घ्यायचे ठरले. तोपर्यंत सेटिंगमध्ये ते नाहीत असे नोंदवले, की त्यांच्या वाट्याचा आवाज समोरच्या स्पीकरकडे वळतो. ही सोय असल्यामुळेच मी नवख्या ग्राहकाला सगळे एकदम घेण्याचा आग्रह करत नाही.

जोडणीसाठी दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर दिली. टीव्हीच्या आर्क लिहिलेल्या पोर्टलाच एचडीएमआय केबल लावायची, सीईसी (दोन्ही यंत्रांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) चालू करायचे आणि टीव्हीचा डिजिटल आउटपुट पीसीएमवर, म्हणजे बहुधा साध्या स्टिरिओवर, असेल तर ऑटोवर आणायचा, हे मुलाने वहीत लिहून घेतले. रिसीव्हर बंद कपाटात न ठेवता त्याच्यावर मोकळी जागा सोडण्यास सांगितले.

संध्याकाळी त्याचा फोन आला. हॉलमध्ये फरशी आणि उघड्या भिंती असल्यामुळे बोलणे घुमत होते. मी सतरंजी अंथरायला, खिडकीला जाड पडदा लावायला आणि मायक्रोफोन गुरुजींच्या खुर्चीवर कानाच्या उंचीला ठेवून मोजमाप पुन्हा घ्यायला सांगितले. ते झाल्यावर सेंटरची पातळी २ डेसिबलने वाढवली, आणि फोन गुरुजींनी हातात घेऊन सबवूफर कुठे ठेवावा लागेल ते विचारले.