साठा निरंक

महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी आमची गाडी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाते. मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समाजसेविका आहे. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने, असं करत नऊ वर्षं झाली. गाडीत डॉक्टर, सिस्टर, मी आणि औषधांचा पत्र्याचा डबा. दिवस कसा जाणार ते डबा उचलल्यावरच मला कळतं.

मार्चमधल्या त्या बुधवारी डबा हलका लागला. मागच्या सीटवर पोस्टरचे दोन गठ्ठे मात्र होते.

सदाची (नाव बदललंय) आई आठलाच येऊन बसलेली. सदाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळी जिभेखाली धरतो आणि गोठ्यात जाऊन थुंकतो, म्हणून महिन्याला सुई. फ्लुफेनाझिनचं हे इंजेक्शन तिळाच्या तेलातलं असतं, सिरिंजमध्ये पटकन चढत नाही. आमच्या सिस्टर कुपी आधी दोन्ही तळहातांत धरून ऊब देतात, जाड सुई घेतात, कातडी एका बाजूला ओढून सावकाश टोचतात, म्हणजे तेल परत वर येत नाही. वर "चोळायचं नाही हं!" म्हणून दम. असा हात मी मोठ्या रुग्णालयांतही पाहिलेला नाही. गेली दोन वर्षं सदा शेळ्या राखतो, बाजाराला जातो. त्यातलं निम्मं श्रेय या हाताचं.

त्या दिवशी हाताला काम नव्हतं. फ्लुफेनाझिन: साठा निरंक.

पैसे नव्हते असं नाही. होते ते जनजागृतीच्या शीर्षाखाली, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यात. औषधांच्या शीर्षाखालचे फेब्रुवारीतच संपले होते. एका शीर्षातला रुपया दुसऱ्यात न्यायला वरून मंजुरी लागते, आणि 31 मार्चच्या आत खर्च दाखवला नाही तर तो परत जातो. आमचे लेखापाल वाईट माणूस नाहीत, पण मार्चमध्ये त्यांना फक्त किती टक्के खर्च झाला तेवढंच दिसतं. म्हणून पोस्टर. रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या पैशांतून इथेच खरेदी करा, असं मी सुचवलं होतं. तो कागद सहीसाठी कुठे बसला आहे, ते शिपायालाही माहीत होतं.

29 मे 2018 पासून लागू असलेला मानसिक आरोग्य कायदा सांगतो की, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयाच्या पायरीपासून वर सगळीकडे, सदासर्वकाळ, मोफत मिळाली पाहिजेत. हे मी आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात घडाघडा म्हणून दाखवते.

पोस्टर चिकटवत होते तेव्हा सदाची आई मागे येऊन उभी राहिली. "काय लिवलंय वो मॅडम त्यात?"

मी वाचून दाखवलं. मानसिक आजारावर उपचार आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.

"आमी कुटं बंद केलंय?" ती म्हणाली. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

मी बाहेरच्या मेडिकलमधून एक कुपी आणली. माझ्या पैशांनी. पाचशेच्या नोटेतले बरेच परत आले, इतकी ती स्वस्त. सिस्टरनी काही न विचारता कुपी तळहातात धरली. रांगेत सुईवाले आणखी नऊ जण होते. त्यांतल्या एका टोपीवाल्या काकांनी हे सगळं पाहिलं. ते खिडकीशी आले तेव्हा मी म्हणाले, "संपलंय काका, पुढच्या महिन्यात या." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. काका "बरं" म्हणाले आणि गेले.

सदालाच का? गेल्या वेळी औषध चुकलं तेव्हा तो हायवेवर सापडला होता, हे मी स्वतःला सांगते. त्याची आई दरवेळी मला शेंगा आणते, हेही खरंच.

संध्याकाळी अहवाल भरताना अडले. साठा शून्य असताना "इंजेक्शन दिलेले रुग्ण: 1" लिहिलं तर लेखापरीक्षणात कुपी कुठून आली ते विचारणार. शून्य लिहिलं. त्याच्या शेजारी, नऊ जण सुईविना परत गेले, हे लिहायला रकानाच नव्हता. शेऱ्यात लिहिता आलं असतं. करार नूतनीकरणाचे दिवस होते, नाही लिहिलं.

एप्रिलमध्ये कुप्या आल्या. त्या नऊ जणांपैकी सात आले. टोपीवाले काका आले नाहीत. केसपेपरवरच्या नंबरावर रिंग जाते, उचलत कोणी नाही.