आमची वाटचाल : लोकेलचे नाव आणि हरवलेला सेडिला

फ्रेंच आणि पोर्तुगीज मजकुराची अक्षरजुळणी करणारी आमची लहानशी फर्म सुरुवातीपासून लिनक्सवर चालते. आघातचिन्हांसाठी आम्ही वेगळे कीबोर्ड घेतले नाहीत. आघाताची कळ आधी दाबायची, तेव्हा पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि मग ई दाबला की चिन्हासह ई उमटतो, ही ‘डेड की’ची पद्धत सगळ्यांच्या बोटांत बसली होती.

पुढे काम वाढले, तेव्हा सात यंत्रे एकदम घेतली. प्रत्येकावर हाताने मांडणी करण्याऐवजी मी एक स्क्रिप्ट लिहिली आणि तिच्यात लोकेलचे, म्हणजे भाषा, देश आणि अक्षरांचे संकेतन सांगणाऱ्या मांडणीचे, नाव यंत्रानेच दाखवलेल्या यादीतून जसेच्या तसे उचलून घातले. दुसऱ्या दिवशी एका सहकारिणीने बोलावून दाखवले: आघाताची कळ, मग ई, आणि पडद्यावर बोडका ई.

दोन दिवस मी फॉन्टला आणि कीबोर्डच्या मांडणीला बोल लावत होतो. दोष मी उचललेल्या नावात होता. ग्लिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी नावातील संकेतनाचा (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीचा) भाग वाचताना आडवी रेघ गाळते आणि अक्षरे लहान करते, त्यामुळे ‘यूटीएफ-८’ मोठ्या अक्षरांत रेघेसह लिहा किंवा लहान अक्षरांत रेघेविना, तिला दोन्ही सारखेच. तिची यादी तर रेघेविनाचेच रूप दाखवते, आणि तेच मी उचलले होते. खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणारी एक्सलिब ही लायब्ररी मात्र ते नाव आपल्या कोष्टकांत अक्षरशः शोधते, आणि आमच्या जुन्या संचातील कोष्टकात रेघेविनाचे रूप नव्हते. नाव सापडले नाही की कंपोज फाइल, म्हणजे कोणत्या कळा मिळून कोणते अक्षर होते त्याचे कोष्टक, उघडत नाही आणि डेड की खरोखरच मुकी होते. संदेश व तारखा मात्र ग्लिबसीकडून नीट येत राहतात, म्हणून लोकेलवर संशयही जात नाही.

रेघ घातल्यावर फ्रेंचचे काम सुरळीत झाले, पोर्तुगीजचे नाही. अमेरिकी इंग्रजी लोकेलच्या कंपोज कोष्टकात आघात आणि सी मिळून पोलिश भाषेतील सी तयार होतो. ब्राझिली पोर्तुगीजच्या कोष्टकात त्याच दोन कळांतून शेपटीचा सी, म्हणजे सेडिला, मिळतो. मेनू इंग्रजीतच हवेत असा सहकाऱ्यांचा आग्रह होता (माझाही होता), म्हणून संदेशांचे लोकेल तसेच ठेवून फक्त एलसी-सीटाइप, म्हणजे लोकेलचा अक्षरांपुरता भाग, ब्राझिली केले, कारण कंपोज कोष्टक त्यावरूनच ठरते.

आता नवे यंत्र आले की त्यावर सर्वप्रथम ‘हृदय’ हा शब्द पोर्तुगीजमध्ये टाइप होतो, कारण त्यात सेडिलाही आहे आणि टिल्डही (अक्षरावरची नागमोडी रेघ).