तिसऱ्या रांगेतले पंपवाले

माझं पहिलं व्याख्यान फुकट होतं, आणि त्याची लायकीही तेवढीच होती. समोर सत्तर-ऐंशी लोक, सगळे कारखान्यांना माल पुरवणारे. मी ऐटीत पडद्यावर मार्केटिंगचे प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांचे १९६० सालचे चार पी लावले: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. उदाहरणं शाम्पूची आणि शीतपेयांची. शेवटी तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "मॅडम, मी पंप विकतो. एक पंप घ्यायचा तर समोरचे सहा जण मिळून ठरवतात. त्यांतला एकही जण जाहिरात बघून घेत नाही. मग मी काय करू?"

मी हसले आणि काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण ते मान हलवत खाली बसले ते आठवतं.

गंमत म्हणजे नोकरीत मी स्वतः अकरा वर्षं व्हॉल्व्ह विकले होते. ते सहा जण मला पक्के ठाऊक होते. पण व्यासपीठावर चढताना मला 'मार्केटिंग तज्ज्ञ' व्हायचं होतं, म्हणून व्हॉल्व्ह घरी ठेवून गेले होते.

मग विषय कापायला घेतला. ब्रँडिंग गेलं, सोशल मीडिया गेलं. उरला एकच प्रश्न: कंपनी जेव्हा दुसऱ्या कंपनीकडून माल घेते, तेव्हा 'हो' नेमकं कोण म्हणतं? वेबस्टर आणि विंड या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी १९७२ मध्ये याची मांडणी करून ठेवली आहे. वस्तू वापरणारा, मत देणारा, ठरवणारा, खरेदीचा व्यवहार करणारा आणि माहिती आत जाऊ द्यायची की नाही हे बघणारा दारवान. मी त्या पाच भूमिकांत माझी जुनी गिऱ्हाइकं बसवली आणि त्याचं पंचेचाळीस मिनिटांचं व्याख्यान केलं. बोलावणी आधीपेक्षा कमी येऊ लागली, पण जी आली ती 'कुणीतरी वक्ता हवाय' म्हणून नाही, 'हाच विषय हवाय' म्हणून.

बोलण्याचा सराव टोस्टमास्टर्समध्ये केला. क्लबांमधून भाषणाचा सराव करून घेणारी, १९२४ पासून चालत आलेली संस्था आहे, आणि तिथला दिव्यांचा धाक मला फार मानवला. पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. शिवाय एक जण तुमचे 'अं' आणि 'आ' मोजत बसतो. माझे 'म्हणजे' एकोणीस निघाले. (लिहितानाही येतातच, वर एक सुटलाय.)

मानधनाचं प्रकरण मात्र कुठल्या क्लबात शिकायला मिळालं नाही. सुरुवातीला मी आकडा सांगून लगेच पुढे जोडायची, "पण तुमच्या बजेटप्रमाणे बघू." समोरच्याने हूं की चूं करायच्या आत मीच खाली यायची. आता आकडा सांगते आणि गप्प बसते. फोनवरचे ते चार-पाच सेकंद व्याख्यानापेक्षा जड जातात. आजही कधीतरी फुकट बोलते, पण मग तीन गोष्टी आधीच मागून घेते: चांगलं रेकॉर्डिंग, लेखी अभिप्राय आणि पुढच्या कामासाठी दोन ओळखी. 'तुमचं नाव होईल' एवढ्यावर जात नाही. रेकॉर्डिंगसाठी तर भांडते. नवा आयोजक माझी वेबसाइट वाचत नाही, व्हिडिओची पहिली दोन मिनिटं बघतो.

पण खरं काम व्याख्यानाच्या आधीच्या आठवड्यात होतं. श्रोत्यांपैकी तिघांचे नंबर मागून घेते आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटं फोन करते. प्रश्न एकच: "हातातून गेलेली शेवटची ऑर्डर कुठे अडकली होती?" लोक आधी जपून बोलतात, मग बांध फुटतो. त्यांची वाक्यं मी नावं काढून जशीच्या तशी व्याख्यानात घालते. सभागृहात कोणीतरी शेजाऱ्याला कोपर मारतं, तेव्हा ती लागली असं समजते. काही आयोजकांना हे फोन म्हणजे नसती उठाठेव वाटते. एकाने नंबर द्यायला साफ नकार दिला होता. ते व्याख्यान बेतासबात झालं.

मागच्या महिन्यात फोनवर एक खरेदी विभागप्रमुख भेटल्या. घाईत होत्या. म्हणाल्या, "बोलणारच आहात तर एवढं सांगा त्यांना, कोटेशनच्या पहिल्या पानावर कंपनीचा इतिहास नको. मी थेट चौथ्या पानावर जाते, किंमत आणि डिलिव्हरी बघते."

तयार केलेली सुरुवात मी त्याच रात्री खोडली. व्याख्यानाच्या दिवशी माझ्या पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात फक्त 'पान ४' एवढंच होतं.