पडद्यावर १५, आत २५

गुरुवारी संध्याकाळी आम्ही सी. एलेगन्स या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या इवल्याशा सूत्रकृमीच्या फेम-३ क्यू-२० वाणाच्या (फेम-३ जनुकात क्यू-२० नावाचा बदल असलेल्या) पहिल्या अवस्थेतल्या अळ्या १५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. सोमवारी सकाळी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या, तर सगळे कृमी पूर्ण वाढलेले. १५ अंशांना एवढ्या वेळात चौथी, म्हणजे अळीची शेवटची अवस्था गाठली तरी पुष्कळ. शेजारी साध्या, बदल नसलेल्या एन-२ वाणाची अंडी फुटून पिल्लं वळवळत होती. आमच्या प्लेटवर एकही अंडं नाही.

इन्क्युबेटरच्या पडद्यावर १५ च होतं, पण तो आकडा आपण ठरवून दिलेल्या तापमानाचा. आतल्या कमाल-किमान तापमापीवर कमाल २५. थंड करणारी यंत्रणा बंद पडली होती आणि परभणीत दिवाळीनंतरही खोली तेवढी उबदार असते.

इथे घाईनं 'उष्णतेनं वांझ' म्हणून चालत नाही. मे महिन्यात पारा २७ च्या वर गेला की एन-२ सुद्धा वांझ होतो. पण तेव्हा शुक्रपेशी बिघडलेल्या असतात, प्लेटवर न फळलेल्या अंडपेशींचे तपकिरी गोळे पडतात आणि धडधाकट नर सोडले की पिल्लं होतात. इथे गोळेही नव्हते.

कृमी ०.२५ मिलिमोलर लेव्हामिसोलमध्ये सुस्त केले आणि २५ गेजच्या सुईनं घशाच्या लगेच मागे कापले. मधोमध कापलं तर जननग्रंथी तुटते, बाहेर सरकत नाही. उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये दहा मिनिटं, मग डॅपी, म्हणजे डीएनए चमकवणारा रंग. पक्व अंडपेशीत गुणसूत्रांच्या सहा जोड्या सहा सुट्या ठिपक्यांसारख्या मोजता येतात. तशी एकही पेशी सापडली नाही. ग्रंथी शुक्रपेशींच्या घट्ट, चमकत्या टिंबांनी खच्चून भरलेली. देह मात्र उभयलिंगीच: योनिद्वार जागेवर, शेपूट निमुळती, नराचा पंखा नाही. डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीत गर्दी आणि उपासमारीनं नर वाढतात, पण तिथे सबंध प्राणीच नर होतो.

उभयलिंगी कृमी आधी सुमारे ३०० शुक्रपेशी बनवतो, मग तीच ग्रंथी अंडपेशींकडे वळते. त्यासाठी फेम-३ प्रथिन बनणं थांबावं लागतं. एफबीएफ नावाचं दुसरं प्रथिन फेम-३ च्या एमआरएनएच्या (ज्यावरून प्रथिन बनतं त्या रेणूच्या) शेपटाकडच्या पाच अक्षरांच्या जागेला धरून ते थांबवतं. क्यू-२० मध्ये तिथलंच एक अक्षर बदललेलं आहे. पकड सुटते, आणि २५ अंशांना ग्रंथी शुक्रपेशीच बनवत राहते.

वाण वाचला तो फेकायला काढलेल्या जुन्या, उपाशी प्लेटमुळे. उपाशी पहिल्या अवस्थेत जननपेशी दोनच असतात आणि त्या विभागतही नाहीत, म्हणून उष्णतेनं बिघडण्यासारखं तिथे अजून काही घडलेलंच नव्हतं. एम-९ या क्षारांच्या द्रावणानं प्लेट धुवून नळी तीन मिनिटं उभी ठेवली. मोठे कृमी तळाशी बसले, वरच्या पाण्यातल्या अळ्या ओपी-५० जिवाणूंच्या ताज्या प्लेटवर घातल्या, दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये, तापमापीवर १५ वाचून. सहाव्या दिवशी अंडी दिसली.