लंडनमध्ये बसून रंगवलेली नदी

गेल्या रविवारी अखेर फ्लॅटफर्डला, इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या मुलखात, जाऊन आले. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटवरून मॅनिंगट्रीपर्यंत तासाभराची रेल्वे, आणि पुढे स्टूर नदीच्या काठाकाठाने तीनेक किलोमीटर पायी. दोन्ही बाजूंना वाळुंजाची झाडं, कुरणात गाई. नदी एवढी अरुंद की पलीकडच्या माणसाशी सहज बोलता यावं.

जॉन कॉन्स्टेबल १७७६ साली इथून जवळच, ईस्ट बर्गहोल्टला जन्मला. वडील धान्याचे व्यापारी. फ्लॅटफर्ड आणि डेडमच्या पाणचक्क्या त्यांच्या, नदीतून माल नेणारे पडावही त्यांचेच. चित्रकला शिकायला लंडनला जाण्याआधी जॉननेही या धंद्यात काम केलं होतं. म्हणून त्याच्या चित्रांतली नदी सतत कामात असते. पडाव ओढणाऱ्या घोड्यांची वाट मध्येच काठ बदलायची, मग घोड्यालाच पडावावर चढवून पलीकडे न्यायचे. १८१९ च्या ‘द व्हाइट हॉर्स’मध्ये नेमकं तेच दिसतं. असला तपशील सहलीला आलेल्या माणसाला कुठून सुचणार!

मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. १८१४ मध्ये फ्लॅटफर्डच्या गोदीत होडी बांधतानाचं चित्र त्याने जागेवर बसून काढलं, ते जेमतेम दोन फूट रुंद आहे. १८१६ मध्ये लग्न करून तो लंडनचा झाला, आणि त्यानंतर तीच नदी सहा-सहा फुटांच्या कॅनव्हासवर उतरू लागली. गावाकडची जुनी स्केचेस समोर आणि बाकीचं आठवणीतून. १८२१ चं ‘द हे वेन’ (म्हणजे गवताची गाडी) असंच लंडनच्या स्टुडिओत झालं. १८२४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. चित्रातलं विली लॉट या शेतकऱ्याचं घर आजही पाण्याकाठी उभं आहे. त्याच्यासमोर मी बराच वेळ बसून राहिले.

१८२१ मध्येच त्याने आपल्या मित्राला, जॉन फिशरला पत्र लिहिलं. चक्कीच्या बांधातून सुटणाऱ्या पाण्याचा आवाज, वाळुंजं, कुजक्या फळ्या, शेवाळलेले खांब, विटांचं बांधकाम हे सगळं मला प्रिय आहे, याच दृश्यांनी मला चित्रकार केलं, असं त्यात आहे. ‘शेवाळलेले खांब’ वाचलं आणि वाईचा घाट आठवला. पावसाळ्यानंतर कृष्णेच्या पायऱ्यांवरून जपून उतरायचं, तो हिरवा ओला वास. इथे नऊ वर्षं झाली, पण आजही डोळे मिटले की कोणती पायरी तुटकी आहे ते सांगू शकते.

शुक्रवारी नॅशनल गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते. ऑफिसातून सरळ तिकडे गेले. ‘द हे वेन’ याआधी कितीदा पाहिलंय, आणि दर वेळी नजर पाण्यात उभ्या असलेल्या गाडीवरच खिळायची. या खेपेला डावीकडे पाहिलं. लॉटच्या घरापाशी, अगदी पाण्याच्या कडेला, एक बाई वाकली आहे. केवढीशी! धुणं धूत असेल, नाहीतर पाणी भरत असेल.